नानांना बघून वानरं ओरडली

भूत-बित, करणी-बिरणी यावर माझा काडीचा विश्वास नाही. अजूनही नाही. जे घडलं ते फक्त लिहितोय... कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा.

आमचे नाना म्हणजे माझे सख्खे मामा. धुळ्यात देवपूरला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. पाखरं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मलाही हा नाद त्यांनीच लावला. मागच्या मार्चमध्ये आम्ही दोघं चोपड्याच्या वर, सातपुड्यात रानपिंगळा बघायला गेलो. हे छोटं घुबड दिवसाढवळ्या फिरतं, म्हणून सकाळीच जंगलात शिरलो. सोबत तिथलाच वाटाड्या, भाईदास.

नाना गाडीतून उतरले आणि सागावरची वानरं खाकरायला लागली. बिबट्या दिसला की देतात तोच कॉल. आम्ही खूश! पण बिबट्या कुठेच नाही. भाईदासने धुळीत ठसे शोधले, एकही सापडला नाही. पुढच्या नाल्यात पुन्हा तेच. मग सातभाई पक्ष्यांचा थवा ओरडला, मग मोर.

"तुना घामना वास ई ऱ्हायना व्हई त्यास्ले," नाना मला म्हणाले, खापर माझ्या घामाच्या वासावर फोडत. तेव्हा हसत होते.

दुपारी मी गंमत म्हणून त्यांना गाडीत बसवलं. जंगल गप्प. उतरवलं — पुन्हा कल्ला. मग मी दुर्बीण वानरांवर लावली. सगळी नानांकडेच बघत होती... नेमकं सांगायचं तर नानांच्या खांद्याच्या जरा मागे. तिथे काहीच नव्हतं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. भाईदास एवढंच म्हणाला, "चला भाऊ, आता निघू." रानपिंगळा बघायचा राहिलाच.

वाटलं, जंगलातली गोष्ट जंगलात संपली. पण नाना उन्हाळ्यात घराच्या गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवतात. बुलबुल तर पार त्यांच्या पायाजवळ यायचे. आता नाना नुसते दारात दिसले तरी गच्ची रिकामी होते. कपडे बदलले, साबण बदलला, मामीने दृष्टही काढली. फरक शून्य.

"पाखरं माले पाहीसन भ्यातस रे," नाना एक दिवस म्हणाले, आणि पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं.

हल्ली ऑफिसला जाताना त्यांच्या गच्चीवर पाणी मी भरतो. पाखरं लगेच येतात. नाना खालच्या खोलीत, खिडकी लावून, नुसता आवाज ऐकत बसतात. कोण आलंय ते अजूनही बरोबर ओळखतात.