जाळ्याचा वाटा

परवा ब्रह्मपुरीच्या बाजारात मासळीवालीच्या टोपलीखाली ओलं जाळं होतं. त्याच्या शेवाळी वासासरशी मला तिसरीतली सुमन आठवली.

तलावाकाठच्या तिच्या शाळेत मी नवीन शिक्षिका होते. मी फळ्यावर गणित लिहिलं: तिघांनी मिळून बारा मासे धरले. सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? सगळा वर्ग ओरडला, "चार!" सुमनच्या वहीत मात्र तीन होते.

"तीन कसे गं?"

"बाई, वाटे चार होतेत ना. तीन मानसायचे अन् एक जाळ्याचा."

मला हसू आलं. "गणितात जाळ्याला वाटा नसतो," म्हणत मी लाल फुली मारली. ती बोटाने ओली शाई पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, म्हणून संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई चुलीवर कालवण ढवळत होती. म्हणाली, "हिचा बाप तलावातच बुडला, बाई. त्याचं जाळं आता दुसरे नेतेत. जाळ्याचा वाटा तेवढा घरी येते."

सुमन माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या बोटावर अजून माझी लाल शाई होती.