भंडाऱ्याची बाटली

अणदूरचा गुरुसिद्धप्पा गवती चहाचं तेल काढतो. भट्टीच्या पहिल्या धारेच्या बाटलीत खंडोबाचा चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, टाकल्याशिवाय बूच लावायचं नाही, ही त्याच्या वडलांपासूनची रीत. त्याच रीतीनं त्याला असं काही गोत्यात आणलं, की विचारू नका.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फ्लूच्या विषाणूवर वनस्पतींची तेलं तपासत होते. यानंही कौतुकानं पहिल्या धारेची बाटली धाडली. दोन महिन्यांनी अहवाल आला: काचेच्या ताटलीतल्या पेशी या तेलानं फ्लूपासून वाचल्या. झालं, गडी पार हवेत! अहवाल फ्रेम करून भिंतीला लावला आणि गावभर सांगत सुटला, आपलं तेल नाकाशी धरा, फ्लू पळतो. आजारी माणसाचं काय होतं, हे त्यात लिहिलंच नव्हतं. पण वाचतो कोण?

मग प्रयोगशाळेनं आणखी तेल मागवलं. यानं दुसऱ्या धारेचं पाठवलं, म्हणजे बिनभंडाऱ्याचं. आठवड्याभरानं तिथल्या राजेश्वरी मॅडमचा फोन.

"या तेलानं एकही पेशी वाचली नाही हो. पेशी जगली की मेली, ते आम्ही रंगावरून ओळखतो. पहिल्या बाटलीत हळद होती का? हळदीचा रंग आम्हाला फसवतो."

"न्हाय मॅडम," गुरुसिद्धप्पा म्हणाला. लाज वाटली त्याला, दुसरं काय.

पंधरा दिवसांत त्याची बायको इरम्मा तापानं फणफणली. फ्लूच तो. तिसऱ्या दिवशी तिला दम लागायला लागला. तुळजापूरच्या दवाखान्यात न्यायला दारात रिक्षा आणली, तर बाई हलेना. तेलाचं फडकं नाकाशी धरून बसलेली.

"पुण्यात पास झालंय आपलं तेल. मग सुई कशाला टोचून घिऊ?"

भिंतीवरची ती फ्रेम त्याला बघवेना. आपल्याच हातानं आपण बायकोचा गळा आवळतोय, असं वाटून त्याला रडू फुटलं. तिच्या पायाशी बसून त्यानं सगळं ओकून टाकलं.

"म्या खोटं बोललो, इरम्मा. तेलात काय बी न्हाय. त्यो समदा भंडाऱ्याचा रंग हुता."

इरम्मानं डोळे मिटून हात जोडले. तापल्या चेहऱ्यावर केवढं समाधान!

"म्हंजी पुण्यात देवानंच वाचवलं म्हणा की. मग देव्हाऱ्यातला भंडारा आणा, लावा माज्या छातीला. अन् रिक्षा माघारी धाडा."

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. भंडाऱ्यानं काही होत नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. गुरुसिद्धप्पाची जीभ काही उचलेना.