वाघीणकाकांचा तपकिरी रंग

वाघीणकाकांच्या हातात चहा दिला की ते आधी त्याचा रंग बघायचे. कप खिडकीकडे धरायचा, मान तिरकी करायची आणि मग निकाल: "लाल जास्त झालाय. पण जवळ आलीस." अहो, प्या की तो चहा! खजूर असो, बिस्कीट असो, नाहीतर माझ्या नवऱ्याचा बूट, जगातली प्रत्येक तपकिरी वस्तू काका एकाच रंगाशी ताडून बघायचे आणि नापास करायचे.

तो रंग त्यांच्या वडिलांचा. वडील दौंडला रेल्वेत रंगारी होते, मालगाड्या रंगवायचे आणि संध्याकाळी कोपरापर्यंत तपकिरी होऊन घरी यायचे. काका कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. अब्बासियात आमच्याच मजल्यावर एका खोलीत एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगी पुण्यात. खोलीत पलंगाच्या वर भिंतभर फळी, तिच्यावर रूळ आणि रुळांवर मालगाडी. एकेक गाडी वीतभर लांब, हाताने कापून, चिकटवून, रंगवून केलेली. चुकून "डबे काय सुंदर झालेत!" म्हटलं की काका दुखावायचे. "डबा माणसांचा. मालाची ती वाघीण." म्हणून हे नाव.

बाकी सगळं ते मापाने करायचे, रंग मात्र आठवणीने. फोटोंवर विश्वास नाही. "मोबाईल स्वतःच्या मनाने रंग भरतो," म्हणायचे. बशीत काडेपेटीच्या काडीने रंग कालवायचे, पांढऱ्या कागदावर एक पट्टा ओढायचे आणि चार वाजेपर्यंत थांबायचे. दुपारचं ऊन इथे रंग खाऊन टाकतं, ट्यूबलाइट खोटं बोलते, आणि धुळीचं वादळ असलं तर त्या दिवशी काम बंद. चार वाजता गॅलरीत कागद धरून मला हाक मारायचे, "अगं, बघ. अजून पिवळट वाटतोय ना?" मग निळ्याचा आणखी एक थेंब.

खरं सांगायचं तर मला पिवळट कधीच वाटला नाही. पहिल्या पाच-सहा वाघिणी छान तपकिरी होत्या. पुढे दरवर्षी त्या जांभळट होत गेल्या. बाविसावी बघून आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, ही तर चक्क वांग्यासारखी दिसते!" मी त्याला गप्प केलं. एकटा माणूस, एवढी हौस, आपण कशाला नाट लावायचा? मी काकांना म्हटलं, "फर्स्ट क्लास!" मजल्यावरचे सगळेच तसं म्हणायचे. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या हौसेला कोणी नावं ठेवत नाही, आणि आम्हाला त्या चांगुलपणाचा केवढा अभिमान!

मग काका जिन्यात दोनदा ठेचकाळले. मी जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये लॅबमध्ये काम करते, मीच त्यांना तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही कितीतरी वर्षांचा. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तसे काका लहान मुलासारखे ओरडले, "अगं, तुमची भिंत पांढरी आहे! मी इतके दिवस पिवळी समजत होतो!" डॉक्टर हसले. मला मात्र फळीवरच्या वाघिणी आठवल्या.

घरी आल्यावर ते फळीसमोर उभे राहिले. डावा डोळा झाकून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा झाकला. मी दारात उभी होते. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला दिसत होतं?"

मी मान खाली घातली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चहा घेणार का?"

दोन महिन्यांनी नोकरी संपली, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला करीन म्हणाले. बावीसच्या बावीस वाघिणी पंच्यांमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत घेतल्या आणि गेले.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा ऑपरेशनला तयारच होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी उशीर नको. तुमचं ऐकतील." माझं ऐकतील! मी फोन केला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. "काका, चूक आमची आहे. रंग बिघडत होता आणि आम्ही तोंडावर खोटं बोललो. त्याची शिक्षा डोळ्याला कशाला? करून घ्या ना. मग दोन्ही डोळ्यांनी बघून नव्याने रंगवा."

काका शांतपणे म्हणाले, "एका वाघिणीला मला पाच महिने लागतात. बावीस वाघिणी. कर हिशेब." मी केला, नऊ वर्षांच्या वर जात होता. "रागावलो नाही गं तुझ्यावर. पण डावा नवा झाला की त्या सगळ्या कायमच्या चुकल्या. आत्ता उजवा झाकला की बाबांचा रंग अगदी बरोबर दिसतो. राहू दे एवढा एक डोळा."

"पण काका, तो डोळा जाईल!"

"हो," ते म्हणाले. "रोज बघून घेतो."