कडीखालचा पाय

“पाय वाचणार नाही. गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि आजच,” जालन्याचे डॉक्टर म्हणाले. पलंगावर माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना माँजी म्हणायचो.

त्यांनी विचारलं, “मंग नाचता येईल का?”

“आधी जगा,” डॉक्टर म्हणाले.

माँजी मूळच्या राजस्थानातल्या, नागौरकडच्या. लग्न होऊन परतूरला आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. पण लग्नकार्यात बायकांच्या खोलीत ढोलक वाजली की त्या घूमर, म्हणजे तिकडचा गिरक्यांचा नाच, धरायच्या आणि शेवटच्या बाईला बसवूनच बसायच्या. शेजारणींना त्यांनी घूमर शिकवली, शेजारणींनी त्यांना मराठी.

पायांत चांदीच्या भरीव कड्या. आमच्याकडे नवरा असेपर्यंत त्या उतरवत नाहीत. कडी घासली की खाली चिंधी गुंडाळायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा उपाय.

पुतणीच्या लग्नात त्या खूप नाचल्या. “पोरी दमल्या, माझा पाय बिलकुल दुखला न्हाई,” असं येईल त्याला सांगत होत्या. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांना मधुमेह होता. डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणजे साखरेमुळे पायाच्या नसा बधिर होणं. पाय दुखला नाही, कारण दुखणं कळायचंच बंद झालं होतं. हे आम्हाला दवाखान्यात समजलं.

लग्नानंतर ताप आला. तापाच्या गोळ्या दिल्या. मग खोलीत वास यायला लागला. मी साडी वर केली, तर चिंधी कातडीला चिकटलेली आणि कडी सुजेत रुतलेली.

तशाच जालन्याच्या दवाखान्यात नेल्या. पाय तपासायला आधी कडीच कापावी लागणार होती. सासरे, म्हणजे बाबूजी, आडवे आले. “मी जिता हाय अजून. कडी कापायची न्हाई.”

माँजी म्हणाल्या, “तुम्ही बसा निवांत. कडी माझ्या पायात हाय.”

कटरनं कडी काढली. खाली काळं वर्तुळ होतं. गँगरीन, म्हणजे मांस मरून सडणं. डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी, केली. रक्त घोट्याच्या पुढे जातच नव्हतं.

पाय कापला. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. माझी मोठी जाऊ डबा घेऊन आली आणि तिनं पहिलं विचारलं, “कडी सांभाळून ठेवली ना?”

शुद्धीवर आल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी हात हलवायला सांगितले. माँजींनी मनगटं घूमरसारखी फिरवली. “हे राह्यलं बघ,” मला म्हणाल्या. त्यानंतर सेप्सिस झाला, म्हणजे जंतूंचं विष रक्तात पसरलं. मूत्रपिंडं बंद पडली. त्या घरी आल्या नाहीत.

सवाष्ण गेली म्हणून तिला नवरीसारखं सजवायला बायका जमल्या. जाऊबाईंनी कडी सोनाराकडून जोडून आणली होती. नसलेल्या पायाची कडी कुठे घालायची, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली.

बाबूजी आत आले. “दुसऱ्या पायातली पण काढा,” म्हणाले. “आता तरी काढा.”

घरात मधुमेही माणूस असेल तर त्याचे पाय रोज बघा. तळवे, बोटांच्या फटी, दागिन्याखालची कातडी. दुखत नाही म्हणाला तर जास्तच बघा.

आता आमच्या नात्यात कुठलंही लग्न असलं की ढोलक वाजायच्या आधी मी साखरवाल्या बायकांच्या कड्या उतरवून पाय तपासते. “आली इन्स्पेक्टरीण,” म्हणतात आणि पाय पुढे करतात. उतरवलेल्या कड्या ठेवायला बाबूजी दाराबाहेर ताट घेऊन बसलेले असतात.