अडीच तासांवरची मुंबई

माझ्या बहिणीला दोन स्थळं आली होती. एक निंबर्ग्याचं, शेतीवाल्यांचं. दुसरा मुलगा मुंबईत नोकरीला. मुंबईवाल्याचा मामा हैदराबादेत एका कचेरीत होता. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि हा गृहस्थ साहेबाच्या पेट्या सांभाळायला म्हणून एकदा विमानातून मुंबईला जाऊन आला होता. तेवढ्या एका फेरीवर तो जन्मभर उडत राहिला.

अव्वाची अट एकच होती, लेक दर पंचमीला घरी यावी. आमच्याकडे नागपंचमीला भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला सासरहून आणतो, लिंबाला झोका बांधतात. लेक आली नाही तर आई लाडवाला हात लावत नाही.

बिदरजवळच्या जनवाड्यात, आमच्या ओसरीवर बसून हा मामा अव्वाला म्हणाला, "निंबर्गा बैलगाडीनं तीन दिवस. हैदराबादहून मुंबई हवेतनं अडीच तास. आता तुमीच सांगा अक्का, जवळ कोणतं?"

"आणि जनवाड्याहून हैदराबाद?" मी विचारलं. "तिथवर गरुड पाठवणार व्हय?"

"तुमी आडतीवर बसणारी माणसं. तुमाला मैल कळतात, काळ कळत न्हाई."

माझे चुलते हसले. मी पोती उचलून वर आलेला माणूस. मापात मूठभर मारणारा मला तोंडावरून ओळखू येतो. हा त्यातलाच. पण चुलत्यांना विमानातला सोयरा हवा होता. शेवटी मी अडून बसलो, पहिल्या पंचमीला पोरगी विमानानं पाठवायची. मामानं पानसुपारीच्या ताटावर हात ठेवून शब्द दिला. फुकटच्या शब्दाला त्याचा हात कधी जड नव्हता.

लग्न होऊन बहीण मुंबईला गेली. श्रावण लागला, निरोप नाही. मी हैदराबादला त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"पावसाळ्यात विमानाचा काय भरवसा, अण्णा," तो म्हणाला. "आन् बाईमाणसानं एकटं कामून जायचं?"

"पंचमी उन्हाळ्यात येती, असं तुमाला कुणी सांगितलं?"

त्यानं चहा मागवला. चहा यायच्या आत मी स्टेशनवर होतो.

मुंबईत बहीण गाठोडं बांधून बसली होती. विमानाचं तिला कुणी बोललंच नव्हतं. ती माझीच वाट बघत होती. परत येताना वाडी जंक्शनला आमची पुढची गाडी चुकली. फलाटावर रात्र काढली, विकाराबादला पुन्हा गाडी बदलली आणि बिदरहून टांगा केला. जनवाड्यात पोचलो तेव्हा पंचमी कालच होऊन गेली होती. गावातले झोके सोडले होते, आमचा तेवढा लिंबाला होता. अव्वानं लेकीला त्यावर बसवलं आणि मग कुठं पहिला लाडू तोंडात घातला.

तेवढ्यात चुलते आले. बहिणीला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस." मग माझ्याकडे वळले. "मामा तर पहिल्यापास्नं विमान म्हणायलाय. तूच रेल्वेचा हट्ट धरलास. त्याचं ऐकला असतास तर पोरीचा सण बुडला नसता."

अव्वानंही मान हलवली. गावभर तेच झालं. मामाचा शब्द खरा राहिला आणि उशीर माझ्या नावावर लागला. दुसऱ्या वर्षी पंचमीच्या आठ दिवस आधीच मी मुंबईला निघालो, कुणालाही न सांगता.