चारच दिवस

मिरची हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शर्ट शिवायच्या कारखान्यात लागली त्याच आठवड्यात दारात कापडाचे गठ्ठे आडवे टाकणाऱ्या माणसाला तिने असं काही झापलं, की तिथल्या बायकांनी तिचं नव्याने बारसं केलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं ती कॉलरी लावते आहे. डोळे मिटूनही लावीन असं म्हणते, आणि ते खोटं नाही. नवरा मालगाडीवर ड्रायव्हर, घरी दोन दिवस तर बाहेर आठ. लेक तिने जवळजवळ एकटीनेच वाढवली, ती याच मशीनच्या जोरावर.

या आठवड्यात तिचा भडका उडाला तो एका टेबलावरून.

मशीनच्या हॉलमागे जेवणाची खोली आहे. आहे म्हणजे, होती. एक लांब टेबल, दोन बाकं, खिडकी आणि हात धुवायला नळ. दुपारी एक ते दीड या वेळात चाळीस बायका तिथे दाटीवाटीने बसायच्या. एकीचा डबा दुसरीच्या पुढ्यात, सासवांची उणीदुणी, आणि हसणं असं की गेटवरचा वॉचमन डोकावून जायचा. आता तिथे तयार शर्टांची खोकी खिडकीपर्यंत चढली होती. मध्ये टेबल तेवढं उरलं होतं आणि तेही शनिवारी उचलणार, असं सुपरवायझरने सांगितलं.

"मग आम्ही जेवायचं कुठे?" मिरचीने विचारलं.

"ताई, तिथे जेवतं कोण?" तो तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला गोड. "मी कधी कुणाला जेवू नका म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. हेच तर तिच्या डोक्यात गेलं. म्हटलं असतं तर चाळीसजणींनी त्याला उभा सोलला असता. पण हुकूम कुणीच काढला नव्हता. पूर्वी दिवसाचे ऐंशी नग पुरे केले की घरी जायची मुभा होती, म्हणून कुणी एकीने डबा मशीनवरच उघडला आणि अर्धा तास लवकर सुटली. मग दुसरी सुटली, दहावी सुटली. सगळ्याच लवकर सुटायला लागल्यावर कारखान्याच्या लक्षात आलं की बायकांना नव्वदही जमतील. ऐंशीचे नव्वद झाले. लवकर सुटणं गेलं ते गेलंच, वर जेवणही गेलं. आता टेबलावर बसेल तिचे नग कमी पडणार.

यात भरडली गेली ती आत्याबाई. साठीला टेकलेली, काजं करणारी, मिरचीला कॉलर उलटायला शिकवणारी तीच. तिला मधुमेह. वेळेवर आणि बसून जेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गेल्या गुरुवारी बसल्या जागी भोवळ आली आणि सुई बोटातून आरपार गेली.

"टेबल गेलं की मीही जाते गं," ती म्हणाली. "असं गिळत गिळत काम करायचं माझं वय नाही राहिलं."

शुक्रवारी मिरची ओळीने सगळ्यांकडे फिरली. "उद्या एकला मशीन बंद. सगळ्या टेबलावर. पाहू दे त्याला कोण जेवतं ते."

खिसेवाली म्हणाली, "आले असते गं, पण पोराला पाळणाघरातून आणायचं असतं." बाहीवाली म्हणाली, "तुम्ही सगळ्या उठा, मी उठतेच." इस्त्रीवालीने मानसुद्धा वर केली नाही. "माझ्या एकटीच्या अर्ध्या तासाने काय होणार आहे?"

"काय होणार?" मिरची कडाडली. "थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात ना? तसंच ते आटतंही, बाई!"

संध्याकाळी गेटकडे चालताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. एकजात स्वार्थी, एकीला म्हणून लाज नाही. "आणि ही घाण सुरू केली कुणी, ती भवानी एकदा मला कळू दे!"

आत्याबाई म्हणाली, "तूच की गं."

"मी?"

"लेकीला कांजिण्या आल्या होत्या. चार दिवस तू मशीनवर जेवलीस आणि लवकर गेलीस. पाचव्या दिवशी खिसेवालीने मला विचारलं, मीही तसं केलं तर चालेल का. मी म्हटलं, कर."

"चारच दिवस होते ते! पोरगी तापाने फणफणली होती!"

"हो ना. प्रत्येकीचे चारच दिवस होते."

मिरचीला तिचा भयंकर राग आला. घरी जाऊन तिने भांडी इतकी आपटली की लेक विचारायला आली, कुणाशी भांडलीस. "माझ्याशीच," असं ती म्हणाली नाही, पण दुसरं कुणाचं नावही तिला घेता येईना.

शनिवारी एकला तिने मशीन बंद केलं, आत्याबाईला हाताला धरून उठवलं आणि दोघी टेबलावर येऊन बसल्या. तिसरी कुणी आली नाही. थोड्या वेळाने बाहीवाली दारात आली. "कॉलरी संपल्यात गं, माझं काम अडलंय."

"दीडला देते."

बाहीवाली घुटमळली, परत गेली. आणि मिनिटभरात हॉलमधून मिरचीला स्वतःच्या मशीनचा आवाज ऐकू आला; तिच्या जागी दुसरीच कुणी बसली होती. एकोणीस वर्षांत तो आवाज तिने कधी लांबून ऐकला नव्हता. ती ताडकन उठली. आत्याबाईने तिचं मनगट धरलं. "जेव."

सव्वाला दोन हमाल घेऊन सुपरवायझर आला. "दोघीच?" तो हसून म्हणाला. "दोघींसाठी टेबल कसं ठेवू, ताई?"

"न्या. दीडला न्या, आता जेवतोय. सोमवारी आम्ही या खोक्यांवर बसू."

"खोक्यांवर? शर्ट चुरगळतील!"

"चुरगळतील."

"आणि आम्ही म्हणजे कोण?"

"ही आणि मी." मिरचीने भाकरीचा तुकडा मोडला. बाहेर तिचं मशीन चालूच होतं. "पहिलं कुणीतरी व्हावं लागतं. मला त्याची सवय आहे."