हे ते जळगाव नव्हे

या सदरातले अद्भुत अनुभव मी नियमितपणे वाचतो आणि तितक्याच नियमितपणे हसतो. देवळात मी जातो तो मुख्यतः सावलीसाठी. सारा जन्म मुलांना व्याकरण शिकवण्यात गेला, त्यामुळे जे नीट वाक्यात बसत नाही ते जगातही नसणार, असा एक मास्तरी ग्रह होऊन बसला आहे. तरी लिहितो आहे… कारण परवा बायको म्हणाली, "एकदा लिहून टाका. तुमच्यामागे मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला." आता चळ दोघांच्या नावावर राहील, एवढंच.

महायुद्धाचे दिवस होते. मुंबईवर बॉम्ब पडणार, अशी आवई रोज उठायची आणि गिरगावातल्या आमच्या चाळीत रोज एका खोलीला कुलूप लागायचं. ज्यांना गाव होतं ते गावाला गेले. ज्यांना नव्हतं ते गाव शोधू लागले. मला सापडलं ते जळगाव जामोद — वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सरकार नागपूरला. तिथल्या शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा होती. गावाला रेल्वे नाही. नांदुऱ्याला उतरायचं आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटर पकडायची. मोटर पूर्णा नदी ओलांडून, कपाशीच्या काळ्या रानातून खोकत खोकत दोन-अडीच तासांत पोचवायची.

शांता — माझी बायको — यायला तयार नव्हती. "इथे बॉम्ब पडला तर चार माणसांत मरेन. तिथे मला कोण ओळखतं?" तिचं म्हणणं सरळ होतं. मी महिनाभर वाद घालून ते खोडून काढलं. ठरलं असं, की मी पुढे जाऊन घर लावायचं आणि सुट्टी लागली की स्वतः मुंबईला येऊन तिला आणि आमच्या पाच वर्षांच्या कुमुदला घेऊन जायचं. तोपर्यंत दोघी तिच्या दादांकडे.

दादांविषयी थोडं सांगावं लागेल. ते वकील होते. स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का ते खिशात बाळगत आणि घरातल्या वाणसामानाच्या यादीवरही मारत. "व्यवस्था" हा त्यांचा आवडता शब्द होता. त्यांनी व्यवस्था केली की घरातले सगळे देव पाण्यात घालून बसायचे.

जळगावात मी तुळशीराम माळी आणि त्याची बायको अनसूया यांच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या. गावाबाहेर त्यांचा वांगी-मिरच्यांचा मळा होता. मूलबाळ नव्हतं. अनसूयाबाईंना सगळे अनसाबाई म्हणत. पंचेचाळिशीची, काटक, कमी बोलणारी बाई. शांता येईपर्यंत माझं जेवण त्यांच्याकडेच होतं.

पहिली अडचण भाषेची आली, आणि तीही व्याकरणाच्या मास्तराला! तिकडे 'येत आहे' म्हणत नाहीत, 'येऊन राह्यला' म्हणतात. आमच्या कानाला त्याचा अर्थ लागतो — आला, आणि मुक्कामाला राहिला. पहिल्याच आठवड्यात शिपाई म्हणाला, "मास्तर, मोटर जाऊन राह्यली." मी समजलो, गेली. म्हणून निवांत पान लावत बसलो आणि मोटर माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. तुळशीरामने ही गोष्ट गावभर केली. बाजारात लोक मला मुद्दाम विचारत, "का मास्तर, जाऊन राह्यले का गेले?"

तर तो रविवार. सकाळचे आठ वाजले असतील. मी वह्या तपासत होतो. अनसाबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, बाई येऊन राह्यल्या."

मी वही टाकून खोलीकडे धावलो. खोलीत कोणी नाही. मागच्या दाराशी गेलो. तिथेही कोणी नाही. परत आलो तेव्हा तुळशीराम पोट धरून हसत होता.

"येऊन राह्यल्या म्हन्ते ते, आल्या नाई म्हन्त. शाळा शिकवता ना तुमी?"

"पण कोणी सांगितलं?" मी चिडून विचारलं. "त्या मुंबईत आहेत. मी आणायला जाणार आहे, पंधरा दिवसांनी."

"कोनं सांगाले पायजे?" अनसाबाई म्हणाल्या. "येऊन राह्यल्या. पोरगीबी हाये."

तुळशीराम मला समजावू लागला. "तिचं असंच असते, मास्तर. मी मळ्यातून निंघालो का इले समजते. म्हून तं मले कुठं घटकाभर बसता येत नाई."

मी हसलो, पण वह्यांत लक्ष लागेना. 'Where is my mother?' या वाक्याला मी लाल शाईने फुली मारली. वाक्यात काहीही चूक नव्हती.

नऊ वाजता उगाच अंगणात गेलो आणि थट्टेच्या सुरात विचारलं, "काय अनसाबाई, कुठवर आल्या आमच्या बाई?"

"बसल्या हायेत."

"कुठे?"

"लय मानसं हायेत. पेटीवर बसल्या. वाट पाहून राह्यल्या."

"कोणाची?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुमची. अजून कोनाची?"

दहाच्या सुमाराला त्या चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसल्या. मी ओट्यावर होतो, चार हातांवर. एक भाकर तव्यावर टाकली, दुसरीचं पीठ काठवटीत मळायला घेतलं आणि हात थांबले. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. तव्यावरची भाकर करपायला लागली. धूर झाला. मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. पीठ लागलेले दोन्ही हात काठवटीच्या वर तसेच अधांतरी.

तुळशीराम धावत आला. त्याने तवा उतरवला, पण बायकोला हात लावला नाही. तो आता हसत नव्हता.

"असं होतं का नेहमी?" मी विचारलं.

"नाई." तो तिच्याकडेच पाहत होता. "एरवी मानूस वेशीपाशी आलं का बोलते. आज लय दूर गेली."

पंधरा मिनिटं गेली असतील… मला ती तासासारखी वाटली. मग अनसाबाईंनी खोल श्वास घेतला, काठवटीकडे पाहिलं आणि करपलेली भाकर पाहून स्वतःवरच चिडल्या. नंतर मला म्हणाल्या, "मास्तर, नांदुऱ्याले जा. दुपारच्या गाडीनं उतरतीन."

"अहो, पण पत्र नाही, तार नाही…"

"मंग जाऊ नोका."

गेलो. पुढच्याच मोटरीत जाऊन बसलो. शेजारच्याने विचारलं तेव्हा सांगितलं, शाई आणायला चाललोय. स्वतःलाही तेच सांगत होतो. पण पूर्णा ओलांडताना मोटर पाण्याच्या कडेला थांबली आणि ड्रायव्हर निवांतपणे कोळसा घालू लागला, तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की शाईसाठी कोणी ओरडत नाही. दोघी या क्षणी मुंबईत दादांकडे जेवत असतील, हे मी मनात घोकत होतो. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं — नसतील तर? वाद जिंकून त्यांना इकडे ओढणारा मीच होतो.

नांदुऱ्याला चारच्या आसपास पॅसेंजर आली. तिसऱ्या डब्यातून आधी काळी ट्रंक उतरली, मग शांता, मग कुमुद.

मी धावत पुढे झालो. शांताला मला पाहून आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आलात ना," ती म्हणाली. "त्या बाई म्हणाल्याच होत्या."

"कोण बाई? आणि तुम्ही आज कशा?"

"दादांची तार नाही मिळाली?"

झालं होतं ते असं. दादांचे एक स्नेही त्या गाडीने भुसावळला चालले होते. सोबत आहे, म्हणून दादांनी दोन दिवसांत सगळी व्यवस्था केली. तिकिटं जळगावची काढली, खानदेशातल्या! शांता म्हणाली, "दादा, आमचं जळगाव जामोद." त्यावर दादा म्हणाले, "जळगाव एकच आहे. जामोद हे पोस्टाचं काहीतरी असतं." तारही तशीच केली: माझं नाव, हायस्कूल, जळगाव. स्नेह्यांनी सकाळी साडेआठला दोघींना अदबीने त्या जळगावला उतरवून दिलं आणि ते भुसावळला निघून गेले.

शांता ट्रंकेवर बसून माझी वाट पाहत राहिली. दीड तास. मग एक गृहस्थ आले. कोट, काळी टोपी, बोलणं फार सभ्य. म्हणाले, "आपण मास्तरांच्या मंडळी ना? त्यांनीच मला पाठवलं आहे. टांगा बाहेर उभा आहे." हमालाने ट्रंक उचलून टांग्यात ठेवलीसुद्धा. कुमुदला त्यांनी वर बसवलं.

"मीही पायरीवर पाय ठेवला होता," शांता म्हणाली. "तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. एक बाई होती. काष्ट्याचं लुगडं, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाने भरलेले. म्हणाली, बाई, उतरा. हे ते जळगाव नव्हे. मी म्हटलं, यांना मास्तरांनी पाठवलंय. तर म्हणाली, मास्तर माह्या अंगनात बसले हायेत, ते कोनाले पाठवतीन? मग तिने कुमुदला कडेवर घेऊन खाली उतरवलं. तो माणूस लगेच मागे सरला. ट्रंक खाली ठेवली आणि टांगा हाकायला सांगून निघून गेला. बाई म्हणाली, नांदुऱ्याचं तिकीट काढा, मास्तर घ्याले येतीन. मी तिकिटाच्या खिडकीकडे वळले. मागे पाहिलं तर ती नव्हती."

मी काही बोलणार, तोच कुमुदने मूठ उघडून दाखवली. मुठीत ज्वारीच्या पिठाची चिमणी होती — भाकरी करताना बायका पोरांना करून देतात तशी. वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

"पीठवालीने दिली," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. अनसाबाई दारातच उभ्या होत्या. शांता उंबऱ्याबाहेर थबकली. तिचा चेहरा मी पाहिला, म्हणून तिला काही विचारायची मला गरज पडली नाही.

"आपण… सकाळी…" ती चाचरत म्हणाली.

"पाय धुवा आधी," अनसाबाई म्हणाल्या. "पोरगी उपाशी असंन."

आता माझी थिअरी. अनसाबाईंचं वर्णन मी पत्रांतून केलेलं होतं, तेव्हा घाबरलेल्या शांताने दुसऱ्याच एखाद्या भल्या बाईला त्यांचा चेहरा लावला असेल. स्टेशनाजवळच्या खाणावळीतली बाई, म्हणून हाताला पीठ. 'येऊन राह्यल्या' हा निव्वळ योगायोग. ही थिअरी मी पाच-सहा दिवस स्वतःला शिकवली. कच्च्या विद्यार्थ्यासारखा मी दर वेळी एकाच ठिकाणी अडायचो: 'मास्तर माह्या अंगनात बसले हायेत' असं ती खाणावळवाली कशी म्हणाली? चिमणी पुरावा म्हणून फडताळात ठेवली होती. ती उंदरांनी खाल्ली.

त्या कोटवाल्याबद्दल गावात अक्षर काढायचं नाही, असं मी आणि शांताने ठरवलं होतं. अनसाबाईंनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. शांताही त्यांच्याशी त्या सकाळबद्दल बोलत नव्हती. फक्त मुंबईला परत जाण्याची गोष्ट तिने कधी काढली नाही, आणि रोज दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागली.

आठवड्याने मी जेवत असताना अनसाबाई एकदम म्हणाल्या, "मास्तर, तो टोपीवाला कोन होता?"

घास हातातच राहिला. "कोणता?"

"टांग्यातला. त्याले कुमुदचं नाव काऊन माईत होतं?"

मी शांताकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. मग हळू म्हणाली, "त्याने तिला नावाने हाक मारली होती. कुमुद, चल, म्हणाला. तुम्ही काळजी कराल म्हणून मी सांगितलं नव्हतं."

त्याचा उलगडा पुढे चार दिवसांनी झाला. दादांची तार टपालाने फिरत फिरत माझ्याकडे आली. पाठीवर त्या जळगावातल्या तीन शाळांचे शेरे: 'असे मास्तर येथे नाहीत.' आत मजकूर: शांता, कुमुद रविवारी सकाळी एकट्या उतरत आहेत, स्टेशनवर घ्या. खाली दादांचं नाव, पदवीसकट. तीन शाळांच्या हातांतून उघडी फिरलेली तार कोणीही वाचली असेल.

मी तार घेऊन अनसाबाईंकडे गेलो. त्या मिरच्यांची पोती शिवत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं — तार कुठे गेली, कोणी वाचली असेल, नाव कसं कळलं असेल. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे मानूसच होता तो?"

"माणूसच."

"बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला स्पष्ट दिसला. "दहा-बारा दिस झाले, झोप नाई मले. मले वाटलं, भूतबीत होतं का काय."

आणि त्या पुन्हा पोतं शिवू लागल्या. मी तार घडी करून खिशात ठेवली. त्यांचं समाधान झालं. माझं अजून व्हायचं आहे.